डिस्क कुठं कुठं लावणार, ते आधी सांगा

प्रश्न : दादा, मी राजारामपुरीत असतो, लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेतो. परवा २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. माझा पीसी विंडोजचा आणि एडिटिंग करणारा मित्र शाहूपुरीत मॅक घेऊन बसलाय. माझ्या जुन्या डिस्कमधलं त्याला दिसतंय सगळं पण त्यात काय टाकायला गेला की घेतच नाही. दुसरं म्हणजे पेनड्राईव्हवर २० जीबी मोकळी असून ८ जीबीचा व्हिडिओ जात नाही, फाईल मोठी आहे म्हणतंय. आता नवीन डिस्क फॉरमॅट करताना एनटीएफएस घेऊ का एक्सफॅट? गिऱ्हाईकाला टीव्हीला लावूनपण बघायचंय.

उत्तर : तुमचे दोन्ही घोळ फाईल सिस्टिमचेच आहेत बघा, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायच्या पद्धतीचे; फॅट३२, एनटीएफएस, एक्सफॅट ह्या तसल्याच पद्धती. पेनड्राईव्ह फॅट३२ असणार, त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जातच नाही, मग जागा कितीका मोकळी असेना. आणि जुनी डिस्क एनटीएफएस असणार, मॅक ती नुसती वाचतो, लिहायचं तर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि मित्राला कशाला त्या खर्चात पाडताय.

राजारामपुरी ते शाहूपुरी फिरणाऱ्या डिस्कला एक्सफॅट करा. मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये काढलेलं हे, विंडोज आणि मॅक दोन्हीकडं वाचतंय-लिहितंय, ४ जीबीची भानगड नाही.

पण एक्सफॅटला एक लई मोठी खोड आहे. एनटीएफएस काय करतं, डिस्कवर कुठं काय बदल करणार त्याची आधी नोंद ठेवतं, म्हणजे मधेच लाईट गेली तरी ती नोंद बघून फोल्डरचा हिशोब परत जुळवता येतो (अर्धवट कॉपी झालेली फाईल मात्र गेलीच). एक्सफॅटमध्ये अशी नोंदवहीच नसते. मी एकदा घाईत, कॉपी संपली असं समजून केबल ओढली आणि पुतण्याच्या बारशाचा अख्खा फोल्डर उघडायचा बंद झाला, वहिनी अजून ऐकवतात. त्यामुळं इजेक्ट केल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही, आणि लाईटचा भरवसा नसेल तर पीसीला यूपीएस पाहिजेच.

म्हणून मी काय म्हणतो, गिऱ्हाईकाचं ओरिजिनल फुटेज ह्या फिरत्या डिस्कवर एकटं ठेवू नका. जुनी एनटीएफएसवाली आहे ना, ती घरात ठेवा, एक कॉपी तिच्यात पाहिजे. लग्न काय परत लागत नाही शूटिंगसाठी.

टीव्हीचं म्हणाल तर प्रत्येक टीव्हीचं वेगळं, काही जुने टीव्ही एक्सफॅट ओळखतच नाहीत. गिऱ्हाईकाला फॅट३२ च्या पेनड्राईव्हवर द्या आणि व्हिडिओ ४ जीबीच्या आतल्या तुकड्यांत काढा, हळदीचा एक, अक्षताचा एक, असं. त्यांनापण बरं पडतं.

फॉरमॅट करताना अलोकेशन युनिट साईझ (डिस्कवरच्या जागेचे कप्पे केवढे करायचे ते) विचारलं तर डिफॉल्टच राहू दे. २ टीबीच्या जागी १.८१ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं, एवढंच.

आणि हो, फॉरमॅट मारायच्या आधी डिस्कवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. बऱ्याच डिस्क दुकानातनंच एक्सफॅट होऊन येतात, तशी असली तर काहीच करायचं नाही, सरळ वापरायला काढा.