स्कॅनिंगला कागद देण्याआधी

भाऊ, नागपुरात सीताबर्डीत दुकान कोणतंही पाहा, पण गठ्ठा तसाच नेऊन टेकवू नको. आधी घरी पिना काढ. गंजलेली पिन ओढायची नाही; मागून पाय सरळ करून अलगद सोडवायची, नाहीतर आजोबांच्या खरेदीखताचा कोपरा तिच्यासोबतच येतो. मजकुराला ३०० डीपीआय (स्कॅनची बारकाई, इंचामागे ठिपके) पुरतं, पुसट शाईला ६०० सांग. स्टॅम्पपेपर रंगीतच, काळ्या-पांढऱ्यात शिक्के पार बुडतात. घडीवर फाटलेला कागद फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप ओढणाऱ्या भागात, नको, काचेवरच ठेवायला लाव. छापील मराठीचं ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखून टाइप मजकूर करणं) बरं होतं, मोडीची आशा धरू नको बाप्पा. पैसे देण्याआधी पानं मोज, मागची बाजूही बघ. नोंदणीचे शिक्के-शेरे बऱ्याचदा तिथंच असतात. आणि मूळ कागद रद्दीत घालायचे नाहीत, बँक तेच मागते.