वाचकांचे प्रश्न : 'विणकर' नावाचा क्लास आणि कापडाचे नियम

प्रश्न : आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र चालवण्याचा फाशांचा खेळ पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतो. आमच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यामुळे ज्याची जादू कापडावर चालते असा 'विणकर' नावाचा नवा क्लास (म्हणजे पात्राचा पेशा) रचावा, असे मनात आले. शाली उडवणे, शत्रूला त्याच्याच अंगरख्याने आवळणे, पडदा भिंतीसारखा कडक करणे अशा बऱ्याच शक्ती मी लिहून काढल्या. आमच्या डीएमचे (डंजन मास्टरचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे) म्हणणे असे, की हा क्लास शहरात कोणालाही लोळवेल आणि गुहेत मात्र बिनकामाचा ठरेल. हा आक्षेप बरोबर आहे का, आणि असल्यास क्लास कसा सुधारावा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आक्षेप बरोबर आहे. मात्र त्यामुळे आपली कल्पनाच टाकून द्यावी असे नाही. आपण शक्तींची यादी आधी केली आणि त्या शक्तींना लागणारे कापड कोठून येणार, हा प्रश्न डीएमवर सोडून दिला. अशा रचनेत पात्राची ताकद खेळाडूच्या निर्णयांवर अवलंबून न राहता आजूबाजूला किती कापड पडले आहे यावर ठरते, आणि मग ती राजवाड्यात अमर्याद होते व भुयारात शून्यावर येते. आगीच्या मंत्रांना ही अडचण येत नाही, कारण तेथे आग मंत्रातूनच निर्माण होते. कापड मात्र कोणीतरी आधी विणून ठेवलेले असावे लागते. माझ्या मते आपल्या क्लासचा गाभा येथेच आहे : विणण्याची वेळ वेगळी आणि वापरण्याची वेळ वेगळी.

सुताचे सायझिंग (खळ देणे), बीम (उभे सूत गुंडाळलेला रूळ), कांड्या (धोट्यात बसणाऱ्या, आडव्या सुताच्या नळ्या) ही सगळी तयारी झाल्याशिवाय माग चालू होत नाही, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. तीच तयारी नियमात आणावी. प्रत्येक दीर्घ विश्रांतीच्या (पात्रांच्या रात्रभराच्या झोपेच्या) वेळी विणकर ठरावीक संख्येने कांड्या भरतो. ही संख्या प्रोफिशियन्सी बोनस (अनुभवाबरोबर वाढणारी भर) आणि बुद्धिमत्तेचा मॉडिफायर (त्या गुणामुळे मिळणारी भर) यांच्या बेरजेइतकी ठेवावी. पहिल्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीला) बोनस +२ असतो आणि बुद्धिमत्तेचा मॉडिफायर साधारणपणे +३, म्हणजे पाच कांड्या. विसाव्या लेव्हलला बोनस +६ आणि मॉडिफायर +५ झाला तरी कांड्या अकराच होतात, त्यामुळे आकडा हाताबाहेर जात नाही. कापडाकडून काहीही विशेष करून घ्यायचे असेल तर एक कांडी खर्च करावी लागेल. कांड्या संपल्या की विणकराजवळ साधे मंत्र आणि साधे शस्त्र एवढेच उरेल, आणि तसे उरलेच पाहिजे.

गुहेची अडचण दूर करण्यासाठी विणकराला स्वतःचे एक कापड द्यावे. तो शेला असेल, घोंगडी असेल किंवा फाटक्या तंबूचा तुकडा असेल. विणकर ते नेहमी अंगावर वागवतो आणि दीर्घ विश्रांतीच्या काळात त्याच्याशी बांधला जातो. ते जळाले वा हरवले, तर पुढच्या विश्रांतीत मिळेल त्या कापडाशी नवे नाते जोडता येईल. या कापडासाठी नवे आकडे शोधण्याची गरज नाही. डंजन मास्टरसाठी असलेल्या २०१४ च्या नियमपुस्तकात कापड, कागद आणि दोर यांचा आर्मर क्लास (घाव लागण्यासाठी फाशावर गाठायचा आकडा) ११ दिला आहे, आणि त्याच वर्षीच्या खेळाडूंच्या पुस्तकात दोराला दोन हिट पॉइंट (सहन होणाऱ्या हानीचे गुण) असून तो ताकदीच्या जोरावर तोडायचा असल्यास फासा टाकून १७ आकडा गाठावा लागतो. जादूने भारलेल्या शेल्याला याहून थोडे अधिक हिट पॉइंट द्यावेत, पण तो कापता येतो ही गोष्ट कधीही विसरू देऊ नये. शत्रूच्या हातातल्या सुरीला काही अर्थ उरला, तरच विणकराशी झालेली लढाई रंगते.

बचावाच्या बाबतीत मात्र मी उदार होण्याचा सल्ला देईन, कारण या खेळाने कापडावर थोडा अन्यायच केला आहे. यादीतले पॅडेड चिलखत सर्वांत दुबळ्या चिलखतांपैकी एक आहे. त्याने आर्मर क्लास जेमतेम ११ अधिक डेक्स्टेरिटी (चपळाईची भर) इतका मिळतो आणि वर लपून चालणे अवघड होते. इतिहासात मात्र मध्ययुगीन युरोपातील पायदळ लिननच्या (अळशीच्या धाग्याच्या) कापडाचे अनेक थर एकत्र शिवलेले जाड अंगरखे घालून लढत असे. मेक्सिकोतील अझ्टेक योद्ध्यांचे कापूस भरून शिवलेले चिलखत इतके उपयुक्त ठरले, की तेथे गेलेल्या स्पॅनिश सैनिकांनीही ते अंगावर चढवले. म्हणून स्वतःचे कापड पांघरलेल्या विणकराचा आर्मर क्लास 'मेज आर्मर' या मंत्राप्रमाणे १३ अधिक डेक्स्टेरिटी ठेवायला हरकत नाही. शिवाय घाव बसत असताना रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी झटपट कृती) वापरून आणि एक कांडी खर्च करून त्याने शेला मध्ये घालावा, आठ बाजूंचा फासा टाकावा आणि येईल तेवढी हानी कमी करावी. ही शक्ती पहिल्या लेव्हलपासून द्यावी. कापडाचे पहिले काम अंग झाकणे हेच आहे.

आता आपल्या यादीतील सर्वांत धोकादायक शक्तीकडे वळू, म्हणजे शत्रूला त्याच्याच कपड्यांनी आवळणे. खेळातील जवळजवळ प्रत्येक माणसाच्या अंगावर कपडे असतात, म्हणून ही शक्ती वरकरणी कापडापुरती दिसली तरी प्रत्यक्षात सर्व माणसांवर चालणारी ठरते. खेळाच्या रचनाकारांनाही हा धोका ठाऊक होता. 'ॲनिमेट ऑब्जेक्ट्स' हा पाचव्या पातळीचा मंत्र असूनही तो कोणी घातलेल्या वा हातात धरलेल्या वस्तूंवर चालत नाही. याउलट 'हीट मेटल' हा दुसऱ्या पातळीचा मंत्र अंगावरच्या लोखंडी चिलखतावरही चालतो. अवजड चिलखत उतरवायला नियमाप्रमाणे पाच मिनिटे लागतात आणि लढाईची एक फेरी असते सहा सेकंदांची, त्यामुळे त्या बिचाऱ्या योद्ध्याजवळ भाजून निघण्याखेरीज पर्याय राहत नाही. या मंत्रावरून टेबलावर वाद का होतात, ते यावरून ध्यानात येईल. विणकराला ही चूक पुन्हा करू देऊ नका. अंगावरच्या कपड्यावर एक कांडी खर्च केल्यास शत्रूने ताकदीचा सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा) द्यावा. तो फसला तर पुढच्या फेरीपर्यंत त्याची गती निम्मी व्हावी आणि त्याचे हल्ले डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरून) व्हावेत. हानी मात्र अजिबात होऊ नये. झगा किंवा शाल यांसारखे वरचे वस्त्र असेल, तर एक ॲक्शन (पाळीतील मुख्य कृती) खर्च करून ते झुगारून देण्याची मुभाही शत्रूला असावी.

याच संदर्भात आणखी एक नियम मी सक्तीचा मानतो : विणकराच्या जादूने कोणाच्याही अंगावरचे वस्त्र उतरवता येणार नाही. टेबलावर कोणीतरी गंमत म्हणून ते करून पाहणारच, आणि ती गंमत समोरच्या खेळाडूला गंमत वाटेलच असे नाही. कापडाच्या चमत्काराची आपल्याकडची सर्वांत मोठी कथा द्रौपदीची आहे आणि त्या कथेत चमत्कार कोणत्या बाजूने उभा राहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तेच तत्त्व क्लासमध्ये आणावे आणि विणकराला वस्त्र राखता येईल, पण हिरावता येणार नाही, असे सुरुवातीलाच लिहून ठेवावे. (न संपणारे वस्त्र मात्र देऊ नये, ज्याला अंत नाही अशा साधनाचा हिशेब कोणत्याही डीएमला जमणार नाही.)

आवळण्याचा थरार हवाच असेल, तर तो विणकराच्या स्वतःच्या कापडाला द्यावा. त्यासाठी उत्तम नमुना खेळातच आहे. 'रग ऑफ स्मदरिंग' हा गालिचाच्या रूपातला राक्षस माणसाला गुंडाळतो, त्याला आंधळे करतो आणि गुदमरवतो. त्याने कोणाला गुंडाळलेले असताना गालिचावर घाव घातला, तर निम्मी हानी गालिचाला आणि निम्मी आत अडकलेल्या माणसाला होते. ही एकच ओळ लढाईचा रंग बदलून टाकते, कारण वार करण्यापूर्वी साथीदारांना विचार करावा लागतो. पाचव्या लेव्हलला विणकराच्या शेल्याला हीच क्षमता द्यावी : एका वेळी एकच शत्रू, तीस फुटांच्या आत, प्रत्येक फेरीला एक कांडी, आणि शेला गुंतलेला असेपर्यंत विणकराच्या स्वतःच्या बचावाला त्याचा उपयोग नाही. ही शेवटची अट खेळाडूंना आवडत नाही. ती मुळीच सोडू नये.

परके कापड, म्हणजे पडदे, तंबू, शिडे यांच्यावर हुकूमत जरूर द्यावी, पण एका वेळी एकाच वस्तूवर आणि तीही कोणाच्या अंगावर नसलेल्या वस्तूवर. मग शहरात विणकराला थोडा अधिक वाव मिळेल, जसा जंगलात ड्रुइडला मिळतो, आणि त्यावर कोणाची तक्रार राहणार नाही.

प्रश्न : याच विषयावर आमच्या गटात वाद झाला. काहींच्या मते कापडाच्या जादूसाठी संपूर्ण नवा क्लास काढणे हा अतिरेक आहे. आर्टिफिसर (जादूचा कारागीर) किंवा विझर्ड (पोथीतून मंत्र शिकणारा मांत्रिक) यांचा उपक्लास (क्लासमधलीच एक शाखा) पुरेसा होईल. आपले मत काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नियम म्हणून आधी उपक्लासच करून पाहावा. १९७४ साली हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीनच क्लास होते. १९७५ च्या पुरवणीत चोर आला आणि टिकला, कारण कुलपे उघडणे, सापळे काढणे, लपून वावरणे या कामांसाठी त्याच्याजवळ टक्केवारीवर चालणारी स्वतःची वेगळी यंत्रणा होती. नव्या क्लासची कसोटी अजूनही तीच आहे. त्याची यंत्रणा दुसऱ्या क्लासला जोडता येत असेल, तर नवा क्लास कशाला हवा?

२०१९ पासून पाचव्या आवृत्तीत अधिकृत असलेला आर्टिफिसर येथे सर्वांत जवळचा आहे. त्याला मंत्र म्हणताना हातात एखादे कारागिराचे हत्यार असावे लागते आणि विणकामाची साधने त्या यादीत आहेतच. केवळ वर्णन बदलून, म्हणजे मंत्र धोट्यातून निघतो असे सांगून, आपल्याला हवे ते बरेचसे मिळते. वर सुचवलेल्या कांड्या तिसऱ्या लेव्हलपासूनच्या उपक्लासमध्ये कमी संख्येने बसवता येतील. विझर्डचा मार्ग मला पटत नाही; त्याच्याजवळ मंत्रांचा साठा आधीच इतका मोठा असतो, की कापड केवळ शोभेपुरते उरते. गटाला दोन-चार सत्रांनंतर असे वाटू लागले, की खेळाडू मंत्र विसरून फक्त कांड्यांचाच विचार करतो आहे, तर स्वतंत्र क्लासची वेळ आली असे समजावे.

कोणताही मार्ग घेतला, तरी चोराच्या बाबतीत झालेला घोटाळा टाळावा. तो आल्यानंतर 'मग इतरांनी दबक्या पावलांनी चालायचेच नाही का' असा वाद सुरू झाला. विणकर आला म्हणून इतर पात्रांना दोर बांधणे, पडद्याआड लपणे किंवा शीड फाडणे अवघड होता कामा नये. 'मेंडिंग' या साध्या मंत्राने फूटभर फाटलेले कापड आजही कोणताही विझर्ड सांधू शकतो, आणि तो हक्क त्याच्याकडेच राहू द्यावा.

प्रश्न : रेशीम, लोकर आणि सूत यांसाठी वेगवेगळे नियम ठेवावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ठेवावेत, पण आग, पाणी आणि वजन यांच्यापुरतेच. त्यापलीकडे गेल्यास दर फेरीला कोष्टक पाहावे लागेल.

सुती आणि लिननचे कापड कागदासारखे भराभर पेटते, म्हणून त्याला आगीची हानी दुप्पट व्हावी. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ज्योत दूर केली की बहुधा विझते आणि जळक्या केसांसारखा वास सोडते. तिला आगीची हानी निम्मी द्यावी. पाण्यात चित्र उलटते. ओले सूत कोरड्याहून मजबूत असते, तर ओली लोकर आणि ओले रेशीम ताकद गमावतात. त्यामुळे भिजलेल्या सुती कापडातून सुटण्यासाठी लागणारा आकडा दोनने वाढवावा आणि लोकर व रेशीम यांचा दोनने कमी करावा. घोंगडी हा अपवाद करण्याचा मोह मला होतो, कारण चिंचोक्यांची खळ दिलेली घोंगडी अंगावर घेऊन धनगर पावसात उभा राहतो. आपल्या खेळाचे जग दख्खनसारखे असेल, तर हा अपवाद जरूर करावा; ते उत्तर युरोपासारखे असेल, तर तिथल्या मेंढ्यांची लोकर आणि लिनन पुरे आहेत, आणि केवळ अभिमानापोटी पैठणी तेथे नेण्याचे कारण नाही.

रेशमाचा हिशेब खेळाच्या २०१४ च्या नियमांनीच करून ठेवला आहे. पन्नास फूट अंबाडीच्या दोराचे वजन दहा पौंड आणि किंमत एक सुवर्णनाणे. तेवढ्याच रेशमी दोराचे वजन पाच पौंड आणि किंमत दहा नाणी. मजबुती दोघांची सारखीच. तेच प्रमाण कापडाला लावावे. रेशमी शेला तीस फुटांऐवजी साठ फुटांपर्यंत झेपावू शकेल, पण तो जळाला तर नवा घेण्यासाठी विणकराला दहापट पैसे मोजावे लागतील, आणि पहिल्या काही लेव्हलपर्यंत एवढे पैसे त्याच्या बटव्यात नसतात.