मोलकरीण : अपमान की हक्क?

प्रश्न : मुलीने निबंधात ‘आमच्या मोलकरीणबाई’ असं लिहिलं. शिक्षिकांनी ते खोडून ‘कामवाल्या मावशी’ केलं. मोलकरीण हा शब्द अपमानाचा आहे का? तो आला कुठून?
– एक वाचक

उत्तर : मोल म्हणजे किंमत, मजुरी. संस्कृत ‘मूल्य’ प्राकृतात ‘मोल्ल’ झालं, मराठीत ‘मोल’. मोल घेऊन काम करतो तो मोलकरी, करते ती मोलकरीण, वारकरी-वारकरीण तसंच. म्हणजे तिचा पगाराचा हक्क शब्दातच आहे.

ही गोष्ट लहान नाही. पेशवाईतल्या कागदांत ‘कुणबीण’ भेटते. मूळ अर्थ कुणब्याची बाई. पण तिथे ती विकत घेतलेली दासी असते. ‘बटीक’ही तशीच. मोल व्हायचं ते तिचं स्वतःचं, आणि पैसे जायचे विकणाऱ्याकडे. मोलकरणीचं मोल तिच्या कामाचं आणि ते तिच्याच हातात पडतं. गुलामगिरीला असलेला कायद्याचा आधार १८४३ मध्ये गेला.

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. कुणी विचारलं तर सरळ सांगायची, “मी मोलानं जाते.” त्यात तिला कमीपणा वाटला नाही. तिला लागायचे ते खाडे. तापानं पडून राहिली तरी महिनाअखेर तेवढे पैसे कापलेले असत. आणि लागायचं ते घरातल्या शेंबड्या पोरानंही “ए” म्हणून हाक मारणं.

१९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. त्या लढ्यातून जी संघटना उभी राहिली तिचं नाव ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’. लाजेचा शब्द कुणी आपल्या पाटीवर लावत नाही. राज्याच्या २००८च्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ आहे. ‘घरेलू’ हिंदी वळणाचं, पण ‘कामगार’ मला फार आवडतो. गिरणीतल्या माणसाला जे नाव, तेच तिला.

‘मावशी’ प्रेमानं म्हटलं जातं, मान्य. पण मावशीनं पगारवाढ मागितली की घरच्यांना ते आगाऊपणाचं वाटतं, हे मी आईच्या बाबतीत पाहिलंय. मुलीचा शब्द चुकलेला नाही, आणि ‘बाई’ जोडून तिनं मानही राखलाय. फक्त निबंधात त्यांचं नावही येऊ द्या, आणि समोर हाक मारायची ती त्यांना विचारून ठरवा.