कार्बन मोनॉक्साइड इतका दुबळा बेस (म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला नाखूष), तरी निकेलला इतका घट्ट का धरतो?
नागपुरात माझ्याकडे शिकायला येणारी एमएस्सीची मुलंही इथेच अडतात, कारण ती फक्त कार्बन मोनॉक्साइडचं इलेक्ट्रॉन देणं बघतात. कार्बनवरची इलेक्ट्रॉनांची एकाकी (बंधात न अडकलेली) जोडी धातूला मिळते, हा सिग्मा बंध, आणि तो एकटा कमकुवतच. खरी ताकद परतफेडीत आहे: धातूचे डी-इलेक्ट्रॉन कार्बन मोनॉक्साइडच्या पाय-स्टार नावाच्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जागेत, शिरतात. ही ऑर्बिटल प्रतिबंधी, म्हणजे भरली की बंध कमजोर करणारी, असल्याने कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होतो. इन्फ्रारेड वर्णपटात हे स्वच्छ दिसतं, कारण बंध सैल झाला की त्याच्या कंपनाचा आकडा उतरतो; मला तर हा पुरावा फार सुंदर वाटतो: मोकळा वायू २१४३ सेमी⁻¹, निकेल टेट्राकार्बोनिलमध्ये सुमारे २०६०, आणि तितकेच इलेक्ट्रॉन असलेल्या कोबाल्ट टेट्राकार्बोनिलच्या ऋण आयनात सुमारे १८९०. ऋणभार वाढला की परतफेडही वाढते. उलट अमोनियाकडे अशी सोयीची रिकामी ऑर्बिटलच नाही, म्हणून त्याला ही परतफेड घेता येत नाही.