भैय्याच्या मागं फिरलो नाही तर टीममध्ये घेतील का?

लातूर-बीडकडची कॉलेजची मुलं समुपदेशनासाठी समोर बसली की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, खेळायचं तर राजकारण करावंच लागतं का?" कबड्डीवाला मुलगा विचारतो, लांब पल्ल्याची धावणारी मुलगी विचारते. आई-वडिलांच्या तोंडी तो असा येतो : "पोरगं मैदानावर जातंय का कोणाच्या मागं फिरतंय, काही कळंना झालंय." या सगळ्यांसाठी एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. त्याला विठ्ठल म्हणू.

विठ्ठल बीएच्या दुसऱ्या वर्षाला, खो-खो खेळणारा. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला जातात, हा शहरात रूम करून राहतो. झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं, म्हणून रूममेटनं माझ्याकडे आणलं.

"पाय उचलंना, मॅडम. ग्राउंडवर गेलो की छातीत धडधड करायलंय."

कारण त्याच्या दृष्टीनं स्वच्छ होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कॉलेजचा संघ निवडला, त्यात त्याचं नाव नव्हतं. ज्याचं आलं तो कॉलेजातल्या एका पुढारी मुलाच्या गटातला. त्या मुलाला सगळे भैय्या म्हणतात. आदल्याच महिन्यात विठ्ठलनं भैय्याच्या नेत्याच्या वाढदिवसाचे बॅनर लावायला नकार दिला होता.

"बॅनर लावले असते तर मी आज संघात असतो," तो म्हणाला.

मोठ्यांना हे रडगाणं वाटतं. पण त्याच्या जागी बसून बघा. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि त्या दाराची पहिली पायरी म्हणजे कॉलेजच्या संघात नाव. तिथून विद्यापीठाचा संघ, मग पुढची प्रमाणपत्रं. ज्याच्या घरात पुढच्या वर्षीही कोयताच दिसतो, त्याच्यासाठी संघातून नाव जाणं हे एका सामन्यापुरतं नसतं.

अशा वेळी मोठ्या खेळाडूंची उदाहरणं द्यायचा मोह होतो. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी 2016 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलं, 2020 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. हे विठ्ठलला माझ्याआधीपासून पाठ होतं. खचलेल्या मुलाला असं उदाहरण दिलं की तो आणखी लहान होतो. मी देत नाही.

या कामात एक सवय मला लागली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. मुलाला त्याचं मत विचारायचं नाही, दृश्य विचारायचं. मी म्हटलं, "निवड चाचणीचा दिवस सांग. कोण वाईट, कोण चांगलं ते ठेव बाजूला. डोळ्यांना काय दिसलं तेवढंच."

तो सांगू लागला. तीन-तीनच्या तुकड्या पळत होत्या, हा दुसऱ्या तुकडीत. पहिला मिनिट झकास गेला, एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेका गड्यामधून नागमोडी, पळत होता, दम चांगला होता. मग तो थांबला.

"मग?"

"मग आउट झालो."

"कसा?"

"पाटीवर बसलेल्या पोराला खो मिळाला, ते दिसलंच नाही मला. तो उठला अन् पाठीवर हात पडला."

"तू कुठं बघत होतास?"

तो बराच वेळ गप्प बसला. अशा शांततेत समुपदेशकानं तोंड उघडू नये. मी उघडलं नाही.

"सरांकडं," तो म्हणाला. "भैय्या सरांच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला होता. काहीतरी कानात बोलला. मी त्याच्याकडंच बघायलो होतो."

मग स्वतःच पुढं म्हणाला, "खो तर माझ्यासमोरच दिला की, मॅडम."

हा क्षण मी कधी विसरणार नाही. आपलं नाव कापणार हे विठ्ठलनं आधीच ठरवून टाकलं होतं, आणि मैदानात तो त्या निकालाचे पुरावे गोळा करत पळत होता. घटनेपेक्षा तिला आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत शिकले. त्या दिवशी ते खो-खोच्या पाटीवर दिसलं.

म्हणजे वशिला नव्हताच का? असेलही. भैय्यानं शब्द टाकला असेल, सरांनी ऐकला असेल. मुलाला "सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं सांगणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय. आम्ही वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला माझ्या हातातलं, दुसऱ्या बाजूला नसलेलं. सरांच्या कानात कोण बोललं ते दुसऱ्या बाजूला गेलं. पळताना नजर कुठं ठेवायची ते पहिल्या. आणि निवडीचे निकष लेखी मागणं हेही पहिल्याच बाजूला, यावर मी हटून बसले. मुलं तिथंच कच खातात. क्रीडा संचालकांना अर्ज द्यावा, पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर प्राचार्य. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तीही विचारावी. अर्ज देणाऱ्याला लोक भांडकुदळ म्हणतील, म्हणू द्यावं.

राजकारणाबद्दल माझं मत वेगळं आहे. "त्या फंदात पडू नको" असं मी कोणत्याच मुलाला सांगत नाही. 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनीच उभं केलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात विद्यार्थी रस्त्यावर होते, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. त्याच साली आलेल्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी मंडळावर गुणवत्तेनुसार नेमणुका सुरू केल्या. 2016 च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, तरी माझ्याकडे येणाऱ्या एकाही मुलानं कॉलेजात मत दिलेलं नाही. मत मागायला कोणी येत नाही, मग प्रश्न विचारायचे कुणाला? उरतात वाढदिवस, बॅनर आणि मागं फिरणारी पोरं. मुलं राजकारणाला घाबरतात असं म्हणतात, खरं तर त्यांनी त्याचं एवढंच रूप पाहिलेलं असतं.

विठ्ठलला मी विचारलं, "तुझ्या खेळाचा असा कोणता प्रश्न आहे, जो भैय्याच्या गटातल्या पोरांचाही आहे?"

त्यानं क्षणात सांगितलं. ग्राउंड सभांना देतात. मांडवाच्या खांबांचे खड्डे तसेच राहतात, वर माती लोटलेली असते. पळताना टाच आत जाते. त्याच्या जागी निवडलेल्या मुलाचाच घोटा त्यात मुरगळला होता.

अर्ज त्यानं स्वतः लिहिला. सह्या घ्यायला भैय्याकडेही गेला, जायच्या आदल्या रात्री मला फोन करून म्हणाला, "हात थरथर करायलेत." भैय्यानं सही केली. वर "पुढच्या कार्यक्रमाला ये" असंही म्हणाला. विठ्ठलनं सांगितलं, "प्रॅक्टिस साडेसातला सुटते, त्यानंतर जमलं तर येतो." ज्या वैराच्या धाकानं त्याची झोप गेली होती, ते एवढ्यावर मिटलं.

पुढच्या वर्षी त्याला राखीव खेळाडू म्हणून घेतलं, पहिल्या नऊत नाही. ते त्याला लागलं, आणि लागायलाच हवं. पण निकष लेखी मिळाले होते. त्यात संरक्षणाच्या वेळेला, म्हणजे बाद न होता किती वेळ टिकलं त्याला, गुण होते. आता तो रोज रूममेटच्या हातात घड्याळ देऊन पळतो. खड्डे मुरूम टाकून बुजवले, आणि यापुढे मांडववाल्यांकडून अनामत घ्यायची असं प्राचार्यांनी ठरवलं.