गुलाब म्हणजे फूल की पाणी?

प्रश्न : फारसीत 'गुलाब' म्हणजे फूल नव्हे, गुलाबपाणी, असं ऐकलं. मग फुलाचं नाव काय? आणि यव–जव (सातू), गोधूम–गंदुम (गहू) अशा संस्कृत–फारसी जोड्या पाहिल्या की प्रश्न पडतो, हे शब्द आपल्याकडून इराणात गेले की तिकडून आपल्याकडे आले?

उत्तर : ऐकलंत ते बरोबर आहे. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. इराणातल्या काशान शहराजवळच्या कमसर गावात मे महिन्यात पहाटे पाकळ्या खुडतात, तांब्याच्या मोठ्या हंड्यांत उकळतात आणि वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवतात. त्या भांड्यात जमतो तो 'गोलाब'. फुलाला ते 'गोल-ए-सोर्ख' म्हणतात, म्हणजे तांबडं फूल. अर्काच्या जातीचा गुलाब असेल तर 'गोल-ए-मोहम्मदी'. आपण बाटलीवरचं नाव उचललं आणि झाडाला चिकटवलं.

पण खरी गंमत 'गुल'मध्ये आहे. प्राचीन इराणी भाषांत हा शब्द 'वर्द'च्या जवळपासचा होता. आर्मेनियनांनी तो तेव्हाच उसना घेतला, म्हणून त्यांच्याकडे गुलाब आजही 'वार्द'. अरबीतला 'वर्द' याच घरचा, अरामी भाषेमार्गे पोचलेला. इराणात मात्र सुरुवातीच्या 'वृ'चा 'गु' झाला आणि 'र्द'चा 'ल'. पटत नसेल तर ओळखीचे शब्द घ्या. संस्कृत वृक (लांडगा), फारसी गुर्ग. हृद् आणि दिल. शरद् आणि साल! वर्षं शरद ऋतूंनी मोजायची जुनी रीत आपल्या 'शतं शरदः'मध्ये आहे, तीच फारसी 'साल'मध्ये दडलेली आहे. सगळ्या इराणी भाषा या वाटेनं गेल्या नाहीत. तुर्की देशाच्या पूर्व भागातल्या झाझाकी या इराणी भाषेत लांडगा अजून 'व्हेर्ग'च आहे.

आता कोणी कोणाकडून घेतलं? बरेचदा कोणीच नाही. संस्कृत आणि अवेस्ता (पारशी धर्मग्रंथाची प्राचीन इराणी भाषा) या सख्ख्या बहिणी, दोघींकडे 'यव' आजीकडून आला. फारसीत शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' झाला (युवन्, जवान). तसाच तो प्राकृतातही झाला, म्हणून आपल्याकडे 'जव'. दोन्ही जव एकसारखे दिसतात खरे, पण एकमेकांना न विचारता तसे झाले. आणि कॉकेशसमधल्या ओसेटियन या इराणी कुळातल्या भाषेत याच शब्दाचा अर्थ सातू नव्हे, बाजरीवर्गातलं धान्य. शेतात पीक बदललं, नाव तिथंच राहिलं.

गव्हाचं प्रकरण वेगळं. अवेस्तात गन्तुम, फारसीत गंदुम, पश्तोत घनम, कुर्दीत गनिम, संस्कृतात गोधूम. यांचे स्वर-व्यंजन बहिणींच्या नियमांत नीट बसत नाहीत. असं झालं की समजायचं, शब्द बाहेरचा आहे, आधीपासून गहू पिकवणाऱ्या कुणाकडून तरी प्रत्येकीनं आपापल्या कानानं उचललेला. 'गाय' आणि 'धूर' जोडून गोधूमाची फोड करणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो.

प्रश्न : जनावरांच्या 'अल्फाल्फा' चाऱ्याचं नाव इराणी आहे, हे खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि माझा हा सगळ्यात लाडका शब्द. मध्य फारसीत (इस्लामपूर्व काळातल्या फारसीत) या चाऱ्याला 'अस्पस्त' म्हणत. अस्प म्हणजे अश्व, आणि पुढचा भाग 'अद्' (खाणे) या धातूचा. घोड्याचं खाणं! इराणच्या सासानी घराण्याचा सम्राट पहिला खुसरो (राज्यकाल ५३१ ते ५७९) यानं जमिनीची मोजणी करून पिकांवर कर बसवला. इतिहासकार तबरीनं दिलेले दर असे : गहू किंवा सातूच्या एका जरीबाला (जमिनीचं जुनं माप) १ दिरहम (चांदीचं नाणं), द्राक्षाला ८ आणि या गवताला ७. माणसाच्या भाकरीच्या सातपट कर घोड्याच्या चाऱ्यावर, यावरून तेव्हा हे पीक किती किमती होतं ते कळतं. चिलखती घोडदळावर उभं असलेलं राज्य होतं ते.

अस्पस्तचं अरबीत 'फिस्फिसा' झालं, पुढे 'अल' लागून स्पेनमध्ये 'अल्फाल्फा', आणि स्पॅनिश लोकांबरोबर ते अमेरिकेत गेलं. त्याच्या कितीतरी आधी ग्रीकांनी त्याला 'मेडिके', म्हणजे मीडियाचं (पश्चिम इराणचं) गवत, असं नाव दिलं होतं. शास्त्रीय नाव मेडिकागो त्यावरूनच आलं. आणि आजच्या इराणात? तिथं ते 'योंजे', चक्क तुर्की शब्द.

प्रश्न : संत्र्याला फारसीत 'नारंगी' म्हणायचं ना?

उत्तर : जपून. संस्कृत 'नारङ्ग' बहुधा दक्षिणेतल्या द्राविडी भाषांतून आला, तो फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि तिथं 'ऑरेंज' झाला. पण तेव्हा पश्चिमेकडे पोचलं होतं ते आंबट फळ. गोड संत्री पुढे पोर्तुगीजांच्या व्यापारानं पसरली, म्हणून फारसीत त्यांचं नाव 'पोर्तेगाल'. 'नारंगी' हे सोलायला सोपं, छोटं फळ. रसाचा पेला हवा असेल तर पोर्तेगालच मागा. 'नारेंज' मागितलंत तर माशावर पिळायचं आंबटढाण फळ हातात पडेल.