पॅनमन निष्णात की वाकबगार?

प्रश्न : ताई, आमच्या साखर कारखान्यातले एक पॅनमन (पॅन नावाच्या मोठ्या भांड्यात पाक उकळून साखरेचा दाणा तयार करणारे) या महिनाअखेर निवृत्त होताहेत. ३६ हंगाम त्यांनी पॅनवर काढले. मानपत्राचा मजकूर माझ्याकडे आलाय. मी ‘निष्णात’ लिहिलं. ऑफिसातले एक जण म्हणाले, ‘वाकबगार’ करा, भारदस्त वाटतं. मुलगी म्हणते, बाबा, सरळ ‘एक्स्पर्ट’ लिहा ना. अर्थ सगळ्यांचा एकच, मग घालू कोणता?
(एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : अर्थ एकच असता तर तुम्ही पत्र घातलं नसतं. कानाला काहीतरी खटकलंय, म्हणून विचारताय.

मी ३१ वर्षं मुद्रितं तपासली. त्यातली एक चूक आठवली की अजून कानशिलं तापतात. एका डॉक्टरांच्या साठीची स्मरणिका होती. कुणीतरी कौतुकाने लिहिलं होतं, ‘सराईत शल्यविशारद’. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं, मी पुढे सरकले. समारंभात डॉक्टरांच्या थोरल्या भावाने सगळ्यांदेखत विचारलं, “किती घरं फोडलीस रे?” कोशात पाहिलं तर शब्दाचा काही गुन्हा नाही. अनुभवाने तयार झालेला, तो सराईत. पण वर्तमानपत्रांनी तो इतकी वर्षं चोरांबरोबर फिरवलाय की आता सज्जनाच्या दारात उभा करता येत नाही. ‘अट्टल’ची गत त्याहून वाईट. अट्टल दारुडा असतो; अट्टल तबलजी कधी ऐकलाय?

शब्द आजवर कुणाच्या संगतीत राहिला, हे मी तेव्हापासून आधी बघते.

तुमचा ‘निष्णात’ मुळात न्हालेला आहे. नि आणि स्ना. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्रच केलंय, ‘निनदीभ्यां स्नातेः कौशले’. कौशल्य सांगायचं असेल तरच ‘स’चा ‘ष’ होतो. नुसती आंघोळ केलेल्याला ‘ष’ मिळत नाही! त्याच सूत्रात ‘नदीष्ण’ असा एक देखणा शब्द आहे. नदीत उतरायचं कुठे, डोह कुठे, हे ज्याला ठाऊक तो नदीष्ण. कृष्णाकाठच्या तुम्हा मंडळींना तो वापरायला काय हरकत आहे? ‘पारंगत’ही पाण्यातलाच, पैलतीराला पोचलेला. पण आज निष्णात म्हटलं की वकिलाची पाटी दिसते, डॉक्टरांचा काळा-पांढरा फोटो दिसतो. हा शब्द पुस्तकं वाचून मिळवलेल्या विद्येला चिकटलाय.

‘कुशल’ खरं तर हाताचा शब्द. दर्भाच्या पात्याला धार असते. बोटं न कापून घेता जो दर्भ काढून आणतो तो कुशल, अशी जुनी व्युत्पत्ती सांगतात. (‘प्रवीण’ची तशीच वीणेवरून सांगतात.) मात्र सरकारने कुशल, अर्धकुशल, अकुशल असे कामगारांचे गट पाडले आणि शब्दाची रया गेली. मानपत्रात तो आला की पगारपत्रक आठवतं.

‘वाकबगार’ फारसी ‘वाकिफकार’वरून आला. वाकिफ म्हणजे माहीत असलेला. कूळकायदा, दप्तर, गावातली भाऊबंदकी अशा ठिकाणी तो शोभतो. ‘पटाईत’ एकेकाळी पट्टा फिरवणारा होता. हल्ली त्याची तलवार गेली आणि तो थापा मारण्यात पटाईत झाला. ‘वस्ताद’ला तालमीत केवढा मान! पुण्याचे लहुजी वस्ताद साळवे याच नावाने ओळखले जातात. आणि तोच शब्द तालमीच्या बाहेर पडून “काय वस्ताद आहे बेटा” झाला, की आपण खिसा चाचपतो. ‘हातखंडा’ तुमच्या यादीत नाही तरी सांगून ठेवते, कारण चूक रोज दिसते. माणूस हातखंडा नसतो, माणसाचा एखाद्या कामात हातखंडा असतो.

आता तुमचे पॅनमन. माझे मामा कारखान्यात होते, म्हणून लहानपणी एकदा पॅनच्या मजल्यावर जाऊन आलेय. पॅनमधली हवा ओढून घेतात, म्हणजे पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाही. पॅनमन मधूनमधून प्रूफ स्टिक, म्हणजे नमुना घ्यायची दांडी, बाहेर काढतो, तिच्यावरचा थेंब काचेवर पसरतो आणि काच उजेडापुढे धरतो. दाणा एकसारखा वाढतोय की मध्येच बारीक भुकटी धरतेय, हे तिथे दिसतं, ज्याला दिसतं त्याला. मला तेव्हा नुसता चिकट डाग दिसला होता. (म्हणजे आम्ही दोघंही जन्मभर प्रूफंच पाहत आलो. माझ्या चुकीने ओळ बिघडायची, त्यांच्या चुकीने अख्खं पॅन.)

ही विद्या न्हाऊन येत नाही आणि माहिती असून भागत नाही. म्हणून मी ‘कसबी’ लिहीन. अरबीत कस्ब म्हणजे कमाई; हाताने कमावलेलं, त्यावर पोट भरणारं कौशल्य ते कसब. मात्र पुढेमागे एखाद्या बाईंचं मानपत्र लिहायची वेळ आली तर सांभाळा. पुरुष कसबी झाला की कारागीर, आणि ‘कसबीण’ म्हटलं की आपल्या भाषेने तिला थेट बाजारात नेऊन बसवलंय. याचा राग मला फार जुना आहे.

मुलीला सांगा, ‘एक्स्पर्ट’ बोलायला झकास, मानपत्रात व्हिजिटिंग कार्ड वाटेल. आणि खरं विचाराल तर विशेषण एकच ठेवून पुढे त्या काचेबद्दल दोन ओळी लिहा. पॅनवरच्या पोरांना विचारा, ते काय म्हणतात. “काकांची नजर बसलीय” असं काही म्हणत असतील तर तेच जसंच्या तसं घ्या.

प्रश्न : तज्ञ की तज्ज्ञ?

उत्तर : तज्ज्ञ. तत् आणि ज्ञ. त् चा ज् झाला, आणि ज्ञ मध्ये एक ज् आधीच आहे. ‘उज्ज्वल’मध्येही दोन ज आहेत, तिकडेही एक खाल्ला जातो.

प्रश्न : आमच्याकडे स्वयंपाक यजमान करतात आणि माझ्यापेक्षा छान करतात. सुगरणीचं पुल्लिंग काय?

उत्तर : तसा शब्द आपण घडवलाच नाही. ‘आचारी’ म्हणावं तर तो धंदा झाला. ‘बल्लवाचार्य’ आहे, विराटाच्या मुदपाकखान्यात भीम बल्लव नावाने राहिला होता, तिथला. पण ते आपण थट्टेतच म्हणतो. मी तर त्यांना बेलाशक सुगरण म्हणेन. सुगरण पक्ष्याचा तो झुलता खोपा नरच विणतो, आणि नाव मात्र स्त्रीलिंगी. त्याने आजवर तक्रार केलेली नाही.